राखणीची पट्टी

ती पट्टी माझ्या करंगळीपेक्षाही आखूड आहे. जाडी दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढी. एका टोकाला लांबट भोक, दुसऱ्या टोकाला किंचित वळलेली जीभ. रिव्हॉल्व्हरच्या बाजूचं झाकण काढलं की आतल्या खाचेत ती इतकी बेमालूम बसलेली असते की नवख्या माणसाला दिसतच नाही. तिचं काम एकच आहे: घोडा आणि काडतूस यांच्या मधे अडून राहणं. चाप शेवटपर्यंत ओढला, म्हणजे माणसाला खरोखरच गोळी झाडायची आहे, तरच ती सरकते आणि घोड्याला वाट देते. एरवी, हत्यार कमरेला असो, कपाटात असो किंवा हातातून निसटून फरशीवर आपटत असो, ती जागची हलत नाही.

कारखान्याच्या माहितीपुस्तकात तिला निराळं नाव आहे. बाबा तिला राखण म्हणत. पिकाची राखण असते तशी.

सुरक्षेसाठी बसवलेल्या भागांचे दोन प्रकार असतात, हे मी धातुशास्त्राच्या वर्गात शिकण्याच्या कितीतरी आधी बाबांच्या बाकावर शिकले होते. काही रिव्हॉल्व्हरांत असा एक दुवा असतो की तो नसेल तर घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोचतच नाही. तो बसवायचा राहिला तर हत्यार चालत नाही, आणि चूक स्वतःहून समोर येते. राखणीचं तसं नाही. ती नसली तरी सिलिंडर फिरतो, चाप तितक्याच सहजतेने ओढला जातो, घोडा तितक्याच ठसक्याने पडतो. कोणत्याही हालचालीत फरक जाणवत नाही. फरक फक्त एकदाच जाणवतो, भरलेलं हत्यार घोड्यावर पडतं तेव्हा.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत बाबांचं शस्त्रदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे लोखंडी जाळी, आत एक बाक, भिंतीत बसवलेली तिजोरी, परवान्याची काच लावलेली चौकट आणि नोंदींची जाड रजिस्टरं. पीकसंरक्षणाच्या बंदुका घेऊन येणारे गावाकडचे लोक, बँकांचे सुरक्षारक्षक, निवृत्त अधिकारी, अशी गिऱ्हाइकं. आम्ही राहायला हुडकेश्वरला. शाळा सुटल्यावर मी दुकानात जाऊन बसे आणि संध्याकाळी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून घरी येई.

दुकानात एक रिवाज होता आणि त्याला अपवाद नव्हता. कोणतंही हत्यार आत आलं की बाबा सिलिंडर बाहेर काढत, गोळीचं प्रत्येक घर बघत, बोट घालून चाचपत आणि मग तो उघडा सिलिंडर समोरच्या माणसाकडे वळवत. समोर गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाइकाकडे, कोणी नसेल तर सहा वर्षांच्या माझ्याकडे.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. रिकामं."

समोरच्याने न बघताच उत्तर दिलं तर बाबा सिलिंडर बंद करून पहिल्यापासून सुरुवात करत. मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांना त्यांनी असं तीन-तीनदा बघायला लावलेलं मी पाहिलं आहे. परत देतानाही हेच. एका माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतःच्या तर नाहीच, हे तत्त्व पुढे प्रयोगशाळेत माझ्या फार उपयोगी पडलं. त्याचं श्रेय मी पुस्तकांना देत राहिले.

दुसरी गोष्ट कापडांची. हत्याराच्या प्रत्येक प्रकारासाठी मांजरपाटाचं एक वेगळं कापड होतं. रिव्हॉल्व्हर उघडलं की सुटे भाग बाबा त्या कापडावर डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडत. स्क्रू, झाकण, मग राखण, मग बाकीचे. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. इतकी वर्षं तेच भाग त्याच जागी ठेवल्याने कापडावर तेलाचे डाग पडले होते, आणि प्रत्येक डागाला त्या त्या भागाचा नेमका आकार आला होता. चापाचा डाग चापासारखा, कमानीचा कमानीसारखा. अशी अकरा कापडं घडी घालून बाकाच्या खणात ठेवलेली असत. लहानपणी मी ती उलगडून कोड्यासारखी बघत बसे.

यंदा भाद्रपदात मी पदव्युत्तर शिक्षण संपवून घरी आले. परदेशातल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी जागा मिळाली होती. विषय धातूंचा थकवा: वरवर धड दिसणारा भाग आतून कसा चिरत जातो आणि ती चीर वेळेवर कशी ओळखायची. जानेवारीत निघायचं होतं. माझ्याजवळ वेळ होता, उत्साह होता आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीत सुधारणा सुचवण्याची खोड होती. आईने दसऱ्याची सफाई काढली तेव्हा मी म्हणाले की दुकानाची जबाबदारी माझी.

बाकाचा खण उघडला तेव्हा ती कापडं मला कोडी वाटली नाहीत. तेलाने कडक झालेलं, धातूचा बारीक कीस धरून बसलेलं कापड म्हणजे घासकागद. ज्यावर सुटे भाग ठेवायचे तेच त्यांना ओरखडे पाडणार. शिवाय आगीचा धोका. तर्क अचूक होता. मी अकराही कापडं घरी नेली, सोड्याच्या पाण्यात उकळली, धोपटली, पुन्हा उकळली. दुपारपर्यंत ती गच्चीवरच्या तारेवर पांढरीशुभ्र होऊन वाळत होती. दोन-तीन कापडांची शिवण उकळण्यात उसवली होती. तेवढी किंमत मला मान्य होती.

बाबा जेवायला घरी आले आणि मी त्यांना हौसेने वर घेऊन गेले. ते तारेजवळ थांबले. एका कापडाचं टोक त्यांनी हातात धरलं, उन्हाकडे करून पाहिलं, मग उलटून दुसरी बाजू पाहिली.

"सारे पांढरे झाले," ते म्हणाले.

"दोनदा उकळले बाबा. किती कीस निघाला माहिताय? बादलीच्या तळाशी थर होता."

"हो." त्यांनी कापड सोडलं. "चांगलं केलं वं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला दुकानात येऊन बसायला सांगितलं. "तू बसत जाय. मले सोबत होते." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी बाबा मला पुन्हा शिकवायला लागले होते. पांढऱ्या कापडावर भाग मांडलेले असत, भिंगातून एकेक बघत ते पुसत, तेलाचा थेंब सोडत, आणि मधेच एखादा चिमट्यात धरून माझ्यासमोर करत.

"हे कुठी बसते, सांग बरं?"

मी सांगे. ताबडतोब, बोट दाखवून, आणि वर त्यावर ताण कोणत्या दिशेने येतो हेही सांगे. बाबा मान हलवत आणि तो भाग मी दाखवलेल्या जागी ठेवत.

"बरोबर. अन् हे?"

"बाबा, मी आता शाळेत नाही. हे मला झोपेत विचारलं तरी सांगीन."

"म्हणून त विचारून राहिलो. विसरली त नाही न, पाहतो."

खंडेनवमी जवळ आली तशी गर्दी वाढली. त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते, त्यामुळे वर्षभर कपाटात पडलेलं हत्यार लोक आदल्या आठवड्यात सफाईला आणतात. पंधरा दिवसांत बाबांनी मला किती प्रश्न विचारले ते मी मोजलं नाही. एकही उत्तर चुकलं नाही एवढं मात्र मला नीट आठवतं, कारण त्याचा मला अभिमान वाटत होता.

पूजेच्या दोन दिवस आधी मी दुकानात नव्हते. परदेशातल्या मार्गदर्शकांशी दूरध्वनीवर बोलणं ठरलं होतं आणि त्यासाठी मी घरी थांबले. दिवसभर मी माझ्या पहिल्या वर्षाच्या आराखड्यावर बोलत होते. त्याच दिवशी बाबांनी खाप्याला राहणाऱ्या साहेबांचं रिव्हॉल्व्हर उघडलं, साफ केलं, जोडलं आणि संध्याकाळी त्यांच्या हवाली केलं. साहेब वनखात्यातून निवृत्त झालेले, बाबांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक.

खंडेनवमीला सकाळी मी आणि बाबा दुकानात अवजारांची पूजा मांडायला गेलो. बाबा नळावर समई घासत होते. मी बाकावरचं कापड झटकायला उचललं तेव्हा काहीतरी टणक बोटाला लागलं. कापडाची शिवण जिथे उसवली होती, तिथे मुडपीच्या पोकळीत काहीतरी सरकलं होतं. मी ते बाहेर काढलं.

लांबट भोक, वळलेली जीभ.

ती कुणाची हे शोधायला मला रजिस्टरचं एक पान पुरलं. त्या बनावटीचं एकच रिव्हॉल्व्हर त्या आठवड्यात आलं होतं. बाबा अजून नळावर होते. मी गल्लीत जाऊन साहेबांना फोन लावला. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा ते आले, मागे घंटेचा आवाज.

"काय वं बाई, पूजेला बसलो न मी."

"काका, तुमचं हत्यार भरलेलं आहे का?"

"मंग? रिकाम्या हत्याराची कोनती पूजा? दरवर्षी भरूनच पाटावर ठेवतो."

"आत्ता रिकामं करा. नळी भिंतीकडे ठेवून. मी फोन धरून आहे."

पलीकडे पाट सरकला. मग गोळ्या एकेक करून वाटीत पडल्याचा आवाज आला. मी सहा मोजल्या. त्यांना विचारलं, प्रत्येक घर डोळ्यांनी बघितलं का. "बघितलं न. रिकामं." एक तपासणी राहून गेली आहे, उद्या घेऊन या, तोवर भरू नका, इतकंच मी सांगितलं. ते म्हणाले, बरं, उद्या सोनं वाटायला नागपूरला येणारच आहो.

आत आले तेव्हा बाबा समईला कुंकू लावत होते. पट्टी कागदात गुंडाळून माझ्या मुठीत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

सांगितलं आईला, संध्याकाळी, स्वयंपाकघरात. ती पुरणाची डाळ वाटत होती. मी कागद उलगडून तिच्यापुढे धरला आणि ही पट्टी कशासाठी असते ते थोडक्यात सांगितलं. तिने हात पुसले, पण पट्टीला हात लावला नाही.

"दोन वर्षं झाली वं," ती म्हणाली. "तुहे बाबा आधी नावं विसरत. मंग एकदा महालातून घरचा रस्ताच चुकले. मले बी वाटलं, वय झालं."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुह्या परीक्षा होत्या. अन् तेच नको म्हणत. म्हणत, कामात नाही न चुकत मी? कापड हाये न. कापडावर सारं उमटलेलं हाये, त्याच्यावर ठेवत जायचं अन् उचलत जायचं." तिने पाटा पुढे ओढला. "तू ते धुतले त्या दिवशी घरी येऊन मले म्हणे, आता पोरीलेच विचारत जाईन."

डाळ वाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

आईचं बोलणं मी ऐकलं होतं, पण ते मला पुरतं पोचलं नव्हतं. मी ते एक निरीक्षण म्हणून स्वीकारलं आणि पुढची पायरी आखली. उद्या हत्यार येईल. बाबा ते उघडतील. राखण नाही हे त्यांना स्वतःच दिसलं, तर मधली गोष्ट केवळ एक घाईतली चूक ठरेल. कोणाकडूनही होते. त्यांना एक संधी देते आहे, असं मी स्वतःला समजावलं. प्रत्यक्षात मी माझ्या वडिलांची चाचणी आखत होते, आणि तीही गिऱ्हाइकासमोर.

दसऱ्याला सकाळी दहाच्या सुमारास साहेब आले. डोक्यावर टोपी, एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात चामड्याची पिशवी.

"घ्या, सोनं घ्या. काय गा मिस्त्री, सणाच्या दिवशी पन हजेरी लावाले लावली! पोरीचा फोन आला त बायको म्हणते, जाता त जा, हत्यारासंगं तुमाले बी दुरुस्त करून आना."

बाबा हसले. "तुमचे भाग आता भेटत नाहीत साहेब."

"हे पाहा! अन् माही बायको म्हणते मिस्त्री गरीब मानूस हाये." साहेब खुर्चीवर बसले. "पन बाई, तुहा फोन बरा आला. गोळ्या काढल्या, हळदकुंकू वाहिलं, अन् उठता उठता माह्या धोतराचा सोगा पाटाले लागला. हे रिव्हॉल्व्हर सरळ खाली. फरशीवर, घोड्याच्याच अंगानं. बायको ओरडली. म्या म्हटलं, ओरडते काहून, रिकामं हाये."

बाबांनी पिशवी उघडली. त्यांनी सिलिंडर बाहेर काढला, घरं बघितली, बोट फिरवलं आणि साहेबांकडे वळवला.

"पाह्यलं?"

"रिकामं हाये गा, कालपासून."

बाबांनी सिलिंडर बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा प्रत्येक घर. "पाह्यलं?"

साहेबांनी चष्मा लावला, पुढे झुकले. "पाह्यलं बाप्पा. रिकामं."

बाबांनी स्क्रू सैल केले, झाकण उचललं आणि पांढऱ्या कापडावर डावीकडे ठेवलं. आतली यंत्रणा उघडी झाली. जिथे राखण असायची ती खाच मोकळी होती, वरच्या दिव्यात चकाकत होती. मी माझ्या जागेवरून ती बघू शकत होते. बाबांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघितलं. चाप हळू ओढून सोडला. घोडा अंगठ्याने मागे घेऊन सावकाश पुढे आणला. सिलिंडर फिरवला. सगळं निर्दोष चालत होतं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "साहेब, सारं ठीक हाये," ते म्हणाले, आणि झाकणाकडे हात नेला.

मी कागद उलगडला आणि पट्टी त्या कापडावर, त्यांच्या हाताजवळ ठेवली.

त्यांचा हात थांबला. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे. मग ती चिमट्यात उचलून माझ्यासमोर धरली. आवाज तोच होता, शिकवणाऱ्याचा, थोडा करारी.

"हे कुठी बसते, सांग बरं?"

आईने आदल्या संध्याकाळी जे सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. पंधरा दिवस त्यांनी मला विचारलेला एकही प्रश्न परीक्षेचा नव्हता. त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून ते विचारत होते, आणि ते मला कळू नये म्हणून शिक्षकाच्या आवाजात विचारत होते. मी प्रत्येक उत्तर फेकल्यासारखं दिलं होतं. एकदा म्हणालेही होते, झोपेत विचारलं तरी सांगीन.

मी चिमटा घेतला आणि पट्टी खाचेकडे नेली. पट्टी उलटी धरली गेली. हे मी मुद्दाम केलं नव्हतं.

"अशी नाही वं," बाबा एकदम म्हणाले. "उलटी धरली तू. जीभ वर येते." त्यांनी माझ्या हातातून चिमटा काढून घेतला, पट्टी फिरवली आणि एका झटक्यात जागेवर बसवली. भोक खालच्या खुंटीवर, जीभ घोड्याच्या पुढ्यात. इतकी सफाई मी प्रयोगशाळेत कोणाच्याही हातात पाहिलेली नाही. "राखण हाये ती. ती काहून उलटी..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी बसलेल्या पट्टीकडे पाहिलं. मग उघडून ठेवलेल्या झाकणाकडे, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर सगळा क्रम एकेक करून जागेवर बसताना मी पाहिला. उजवीकडून डावीकडे.

"साहेब," ते म्हणाले, "ही पट्टी माह्याकडून राहून गेली होती. तुमचं हत्यार तीन दिवस बिनराखणीचं होतं."

"बरं मंग? बसली न आता? एवढं काय त्याच्यात."

"काल पडलं तवा भरलेलं असतं त?"

साहेबांनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाबांनी झाकण लावलं, स्क्रू आवळले, पुन्हा सगळं तपासलं. सिलिंडर उघडून माझ्याकडे वळवला. "पाह्यलं?" मी पाहिलं. सहा घरं, सहा उजेडाचे गोल. "रिकामं," मी म्हणाले. मग साहेबांकडे वळवला. साहेबांनी या वेळी बोट घालून प्रत्येक घर चाचपलं.

ते गेल्यावर बाबांनी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि टोपण लावून पेन खिशाला अडकवलं.

"तुले केव्हा भेटली ती पट्टी?"

"काल सकाळी."

"मंग काल काहून नाही बोलली?"

मी रजिस्टर मिटून खणात ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाकावर आपट्याची पानं पडली होती, ती त्यांनी गोळा केली, त्यातली दोन मला दिली आणि शटर ओढायला उठले.

दिवाळीनंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. ते नाव ऐकताना मला काहीच नवीन वाटलं नाही. त्याच आठवड्यात बाबांनी परवाना परत करण्याचा अर्ज लिहिला. मसुदा मी टाइप करून दिला होता, तरी त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला. 'कारण' या रकान्यात मी 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून लिहिलं: 'कामात चूक झाली.' कार्यालयातला लिपिक म्हणाला, काका, असं लिहीत नसतात. बाबा म्हणाले, राहू द्या.

दुकान रिकामं करताना मी खणातली अकरा कापडं पुन्हा उलगडली. एकाच कापडावर एक फिकट डाग उरला होता, कसला ते ओळखू येत नव्हतं. बाबांनी त्यावर बोट फिरवून पाहिलं आणि घडी घातली.

मी त्या कापडांचा फार विचार केला आहे. आठवून सांगणं आणि समोर आल्यावर ओळखणं या मेंदूच्या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि पहिली गेल्यावरही दुसरी काही काळ टिकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांना पट्टी कुठे बसते हे आठवत नव्हतं. ती उलटी बसते आहे हे मात्र त्यांच्या हाताला लगेच कळलं. कापड त्यांची पहिली क्षमता सांभाळत होतं. तेच मी दोनदा उकळून धुतलं. मला कोणीही दोष दिला नाही. कोणी दिला असता तर मी निदान बाजू मांडली असती.

आता बाबा दिवसभर घरी असतात. आई भांडी घासते, ते पुसून जागेवर लावतात. मागच्या आठवड्यात त्यांनी कुकरची रबराची रिंग धुऊन पुसली, बोटावर टांगली आणि माझ्यापुढे केली.

"हे कुठी बसते, सांग बरं?"

मी आयुष्यात जाणूनबुजून चुकीचं उत्तर कधी दिलेलं नव्हतं. शाळेत नाही, परीक्षेत नाही, भांडणातही नाही. मी रिंग घेतली, झाकणाच्या कडेत अर्धी खुपसली आणि अर्धी बाहेर लोंबती ठेवली.

"अशी नाही वं," बाबा म्हणाले. झाकण ओढून घेतलं, अंगठ्याने गोल फिरत फिरत रिंग कडेत बसवली, एकदा दाबून पाहिली. "इतकी शिकली अन् एवढं नाही येत?"

"नाही येत बाबा."

"आईजवळून शिकून घे."

ते प्रसन्न दिसत होते. त्यांच्यासाठी मी आता रोज काही ना काही चुकते. शिट्टी तिरकी ठेवते, चहाच्या गाळणीची दांडी उलट्या बाजूने अडकवते, त्यांच्या शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात घालते. ते दुरुस्त करतात. कधी लगेच, कधी बराच वेळ बघून.

जानेवारीचं तिकीट मी रद्द केलेलं नाही. बाबा रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहून मला विचारतात की किती दिवस राहिले, आणि मी सांगितलं की म्हणतात, सामान वेळेवर भर. म्हणून मी आईला हे काम शिकवते आहे. काल दुपारी बाबा अंगणात तुळशीला पाणी घालत होते तेव्हा मी तिला कुकरचं झाकण दाखवलं.

"त्यांनी विचारलं की लगेच सांगायचं नाही. थोडं चुकवून ठेवायचं. चूक त्यांच्या डोळ्यासमोर असू दे. ते बरोबर करतील."

"मले नाही जमत असं खोटं खोटं चुकणं."

"जमेल. हे बघ, इतकंच बाहेर."

आई रिंगेकडे बघत राहिली. "अन् त्यायनं बरोबर नाही केलं त?"

तिच्या हातातून झाकण घेऊन मी रिंग अर्धी बाहेर काढली आणि ते ओट्यावर, दारातून येणाऱ्याला सरळ दिसेल असं ठेवलं. अंगणात बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज आला. आम्ही दोघी बाबा आत येण्याची वाट बघत उभ्या राहिलो.